ऑपरेशननंतरच्या कॅन्सर पेशंटला 'मानसिक आधार' म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरने नेमकं काय करायचं?

तिसरी पाळी (प्रश्न)

पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या सर्जिकल ऑन्कॉलॉजी वॉर्डासाठी एका पानाचा नर्सिंग प्रोटोकॉल लिहायचा आहे. खाटा २४. दिवसा चार सिस्टर, रात्री दोन. पेशंट मुख्यतः तीन प्रकारचे: तोंडाचा कॅन्सर, स्तनाचा, आणि मोठ्या आतड्याचा. आतड्याचे बरेच जण पोटावर पिशवी घेऊन घरी जातात. निम्म्याहून जास्त लोक जुन्नर, इंदापूर, करमाळा, श्रीगोंदा या बाजूचे. सायकॉलॉजिस्ट आठवड्यातून दोनदाच येतात.

सध्या प्रत्येक फाइलमध्ये 'सायकॉलॉजिकल सपोर्ट गिव्हन' हे एकच वाक्य असतं, रडणाऱ्याच्याही आणि हसणाऱ्याच्याही. ते काढून टाकायचंय. त्यासाठी विचारतोय: कोणत्या दिवशी काय विचारायचं? साधं वाईट वाटणं कुठे संपतं आणि मदतीची गरज कुठे सुरू होते? बोलता न येणाऱ्या पेशंटचं काय? आणि नातेवाईक 'त्यांना कॅन्सर म्हणून सांगू नका' म्हणतात तेव्हा सिस्टरने काय उत्तर द्यायचं?

'धीर द्या, प्रेमाने बोला' छापाची उत्तरं नकोत, ती पाठ आहेत.

---

सायकॉन्को (कॅन्सर पेशंटच्या मनाची काळजी) खोली, उत्तर

पहिली ओळ ही लिहा: ऑपरेशननंतरच्या पहिल्या चार दिवसांत पेशंट घाबरलाय, भलतंच बोलतोय किंवा एकदम गप्प झालाय असं दिसलं, तर आधी शरीर तपासायचं, मन नंतर. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, साखर, दुखण्याचा आकडा, लघवी. पाच मिनिटांचं काम आहे.

अचानक दम लागला, छाती धडधडतेय, 'मला काहीतरी होतंय' म्हणतोय, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी नाही हे डॉक्टरांनी ठरवेपर्यंत त्याला पॅनिक म्हणायचं नाही. थायरॉइड काढलेल्या पेशंटची पहिल्या दोन-तीन दिवसांत घालमेल होतेय, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येताहेत, तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. रक्त पाठवायला लावा, समजूत घालत बसू नका. म्हाताऱ्या माणसाचा कॅथेटर काढून सहा तास झाले आणि तो नुसता चुळबुळ करतोय, तर ओटीपोटाला हात लावून बघा. बरेच जण लाजेने सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त सुटतो तो गप्प डिलिरियम, म्हणजे शरीराच्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्याला 'डिप्रेशन आलंय' म्हणून सोडून दिलं जातं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वार उलटे म्हणायला लावणं: रविवार, शनिवार, शुक्रवार… उदास माणूस सावकाश, कंटाळून, पण पोहोचतो. डिलिरियममधला तिसऱ्या वाराला हरवतो किंवा मूळ प्रश्नच विसरतो. शिवाय सकाळी बरा, संध्याकाळी वेगळाच असा चढउतार असतो. मग कारण शोधायचं: ताप, सोडियम, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, ओपिऑइडचा (मॉर्फिनसारख्या दुखण्याच्या औषधाचा) डोस, झोपेची गोळी. सिस्टरच्या हातातलं म्हणजे चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी (तोंडाचं ऑपरेशन नसेल तर) परत देणं, घड्याळ दिसेल असं लावणं, रात्री दिवे मंद करणं आणि दहा ते पाचमधली टाळता येणारी कामं एकत्र उरकणं. गणपतीच्या महिनाभर आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की रस्त्याकडेच्या खाटांवर म्हातारे पेशंट ठेवू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दारूचा प्रश्न ऑपरेशनच्या आधी, बायको-मुलं बाहेर असताना विचारायचा. 'पिता का?' नको, 'रोज किती क्वार्टर, आणि शेवटची कधी?' असा. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम. पहिल्या ४८ तासांत कधी झटके. ४८ ते ९६ तासांत भास, ताप. पेशंट दाखल होऊन तिसऱ्या दिवशी 'भिंतीवर मुंग्या दिसतात' म्हणाला, तर ती कॅन्सरची भीती नाही.

आता ताण मोजणं. डिस्ट्रेस थर्मामीटर पुरेसा आहे, ० ते १०, गेला आठवडा आज धरून. ४ किंवा जास्त आलं की पुढची चौकशी. ज्यांना आकड्यांची पट्टी कळत नाही त्यांना 'दहा रुपयांतले किती रुपये ताण?' असं विचारा, लगेच जमतं. चार वेळा विचारायचं: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, घरी सोडताना आणि पहिल्या ओपीडीला. आकडा आला की लगेच दुसरा प्रश्न: 'यातला सगळ्यात मोठा वाटा कशाचा?' उत्तर बहुतेक वेळा मरणाचं नसतं. दुखणं, झोप, पैसे, एसटीचा प्रवास, शेतावर कोण बघणार, मुलीची सोयरीक. त्यातल्या निम्म्या गोष्टींना सायकॉलॉजिस्ट लागतच नाही.

---

आकडेमोड

वरच्याला एक जोड. पहिल्या आठवड्यात पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेऊ नका. त्यातले झोप, भूक, थकवा, मंदावलेल्या हालचाली आणि लक्ष लागणं हे पाच प्रश्न ऑपरेशन झालेल्या कोणालाही गुण मिळवून देतात आणि सगळा वॉर्ड डिप्रेशनमध्ये दिसतो. हॅड्स या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणं मुद्दाम कमी ठेवली आहेत: १४ प्रश्न, ७ चिंतेचे, ७ नैराश्याचे, प्रत्येक भाग २१ पैकी. ८ ते १० संशय, ११ पासून पुढे नक्की पाठवायचं. टाके काढायला येतील तेव्हा पीएचक्यूचे फक्त पहिले दोन प्रश्न विचारा (रस गेलाय का, उदास वाटतं का). सहापैकी ३ आले तर पूर्ण फॉर्म.

पण आकडा नसला तरी चालणारी एक खूण आहे. वाईट वाटणारा माणूस लाटांसारखा असतो: रडतो, नातू आला की हसतो, मग परत डोळे भरतात. ज्याला मदत हवी त्याच्यावर नातवाच्या येण्याचाही परिणाम होत नाही. असं सलग दोन आठवडे, किंवा व्यायाम, जेवण, ड्रेसिंगला नकार सुरू झाला तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

---

ड्रेसिंग ट्रॉली

आधार म्हणजे वेगळा तास नाही हो. २४ खाटांना दोन सिस्टर असताना वेगळा तास मिळणारही नाही. जी २० मिनिटं ड्रेसिंगला जातात तीच वापरायची.

पिशवीवाले पेशंट. स्टोमाचं (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाचं) पहिलं दर्शन भेटीच्या वेळी नको, जेवणाच्या ट्रॉलीआधी नको. दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन देऊन अर्धा तास झाल्यावर, पडदा ओढून. पिशवी काढण्याआधी तोंडी सांगायचं: 'लाल आणि ओला दिसेल, गालाच्या आतल्या बाजूसारखा. हात लावला तरी दुखणार नाही, कारण दुखणं कळवणाऱ्या नसा तिथे नाहीत. पुसताना रक्ताचा ठिपका आला तर चालतो. काळा-जांभळा पडला तर मात्र लगेच बोलवायचं.' मग विचारायचं, आज बघायचं की नुसतं ऐकायचं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी बघणं, तिसऱ्याला क्लिप स्वतः लावणं, चौथ्याला स्वतः रिकामी करणं. घरी सोडण्यापूर्वी पूर्ण पिशवी दोनदा स्वतःच्या हाताने बदललेली हवी, सिस्टरचे हात पाठीमागे. 'मुलाला शिकवलंय' हे उत्तर धरायचं नाही. मुलगा भोसरीला कंपनीत जातो, पिशवी दुपारी तीनला फुटते.

पेशंट सगळ्यात आधी तुमचा चेहरा वाचतो. नाक मुरडलं तर पुढची दहा वाक्यं फुकट. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, मग जड होऊन सुटत नाही. फ्लँजचं (पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं) भोक स्टोमापेक्षा फक्त २-३ मिमी मोठं कापायचं. जास्त कापलं की विष्ठा कातडीला लागते, कातडी सोलते, चिकट धरत नाही, गळते, वास येतो. मग पेशंट 'गळू नये म्हणून' जेवण तोडतो, कोणाशी बोलत नाही, आणि आपण सायकॉलॉजिस्टना फोन लावतो. चूक कात्रीची असते! सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, म्हणून पुन्हा माप घ्यायला बोलवायचं. पुसायला साधं पाणी आणि मऊ कापड. डेटॉल, स्पिरिट, खोबरेल काही नाही. तेलावर पिशवी चिकटत नाही.

'देवपूजेला बसू का?', 'माळ ठेवू का?' हे प्रश्न हमखास येतात, बहुतेक वेळा सुनेच्या किंवा मुलीच्या तोंडून. हसण्यावारी नेऊ नका आणि धर्मनिर्णयही देऊ नका. सिस्टरला जे माहीत आहे ते सांगायचं: पिशवी बंद असते, नीट बसली असेल तर वास बाहेर येत नाही, पूजेआधी रिकामी करून हात धुतले की झालं. बाकी त्यांच्या घरचे बुवा किंवा महाराज सांगतील, आणि ते बहुतेक 'बसा' म्हणतात. वारीचा प्रश्नही असतोच. सहा-आठ आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही, नंतर सर्जनने हो म्हटल्यावर चालायला हरकत नसते. जास्तीच्या पिशव्या उन्हात तापणाऱ्या बॅगेत ठेवू नयेत, चिकट खराब होतो.

स्तनाच्या ऑपरेशनच्या पेशंट. ऑपरेशनला जाताना मंगळसूत्र आणि बांगड्या काढून घेतात. त्या नातेवाइकांच्या पिशवीत तीन दिवस पडून राहतात. सर्जनची हरकत नसेल तर शुद्धीवर आल्यावर पहिल्याच संध्याकाळी विचारा, 'मंगळसूत्र घालायचंय का?' बांगड्या ऑपरेशन न झालेल्या हातात. यावर खर्च शून्य.

जखम दाखवतानाही तीच पद्धत: आधी सांगणं, मग विचारणं. 'आडवा टाका आहे, बाजूला थोडी सूज, नळीतून लालसर पाणी येतंय, ते गुलाबी आणि मग पिवळसर होत जाईल.' आधी मान खाली घालून बघू दे, आरसा नंतर. नवऱ्याला बोलवायचं का ते तिने ठरवायचं, सासूने नाही. ही नळी, म्हणजे ड्रेन, साधारण २४ तासांत ३० मिलीच्या खाली आला की काढतात, हे आधी सांगितलं तर रोजचा आकडा तिला धास्ती न वाटता मोजणी वाटते. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, काखेतली नस कापली किंवा ताणली गेल्यामुळे. न सांगितल्यास 'हातात पसरला' असं धरून बायका रात्र रात्र जागतात. काढलेला स्तन अजून आहे, खाजतोय असं वाटणंही नेहमीचं आहे, वेड लागलेलं नाही, हेही सांगा.

घरी जाताना कापसाचा हलका पॅड ब्लाउजच्या आत खिसा शिवून कसा ठेवायचा ते दाखवून पाठवा. सिलिकॉनचा नंतर, जखम पूर्ण भरल्यावर. ब्लाउज पुढून उघडणारा, सैल. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर पदराचा भार त्याच खांद्यावर येतो, तेव्हा जरीकाठी नको, सुती नेसा. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंतच. 'व्यायाम करा' ऐवजी 'स्वतःची वेणी स्वतः घालायची' हे ध्येय द्या, ते लवकर पूर्ण होतं.

---

पाटी आणि बेल

बोलता न येणाऱ्यांबद्दल लिहितो. जबडा-जिभेचं ऑपरेशन, गळ्याला ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं भोक आणि नळी), नाकात नळी. यांची मोठी भीती मरणाची नसून 'रात्री नळी तुंबली आणि कोणाला कळलं नाही तर?' ही असते. त्यामुळे बेल उशाशी नको, सलाईन नसलेल्या हाताला बांधलेली हवी. पाळी बदलताना दोन्ही सिस्टरनी ती वाजवून बघायची, पेशंटसमोर. बेल वाजली आणि कोणी आलं नाही, असं एकदा जरी झालं तरी तो माणूस पुढच्या रात्री झोपत नाही.

बोलायची पद्धत ऑपरेशनच्या आधी ठरवा, नंतर नाही. अंगठा वर हो, मूठ नाही. एका वेळी एकच प्रश्न. 'दुखतंय की तहान लागलीय?' याला अंगठ्याने उत्तर देता येत नाही! लिहिता येणाऱ्याला पाटी-पेन्सिल. न येणाऱ्याला बारा चित्रांचा तक्ता: दुखतंय, थुंकी ओढा, लघवी, संडास, कूस बदला, थंडी, उकडतंय, झोप येत नाही, भीती वाटते, घरचे, डॉक्टर, किती वाजले. हे शेवटचं चित्र सगळ्यात जास्त वापरलं जातं. खाटेवर पाटी लावा, 'ऐकू येतं, बोलता येत नाही', कारण न बोलणाऱ्याशी लोक उगाच ओरडून बोलतात. सक्शनआधी (यंत्राने थुंकी ओढण्याआधी) सांगायचं, 'दहा-पंधरा सेकंद गुदमरल्यासारखं होईल, मी मोजते', आणि खरंच मोजायचं.

आरसा लपवू नका. घरचे आरसा काढून नेतात आणि पेशंट मोबाईलच्या काळ्या काचेत स्वतःला बघतो, एकटा. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते, हे सांगून मग पाचव्या-सहाव्या दिवशी सिस्टरने बरोबर बसून दाखवायचं. लाळ गळणं हे बहुतेकांना जखमेपेक्षा जास्त लागतं. छोटे टॉवेल मुबलक द्या, भेटीच्या वेळेआधी सक्शन करा. नळीतलं फीड शेजारच्या खाटेवर भाकरी-पिठलं सुटलेलं असताना देऊ नका.

तंबाखू. शेवटचा बार किंवा शेवटची मिश्री कधी, हे दाखल होतानाच नोंदवा. बायकांनाही विचारा, मिश्री 'व्यसन' म्हणून कोणी सांगत नाही. पहिल्या २४ तासांत चिडचिड, अस्वस्थपणा सुरू होतो, दोन-तीन दिवसांत शिगेला जातो, दोन ते चार आठवडे टिकतो. निकोटिनची च्युइंगम ऑपरेशन झालेल्या तोंडात चालत नाही. पॅचचं सर्जनला विचारूनच, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपला (जखम भरायला दुसरीकडून आणून लावलेल्या कातडी-मांसाला) ते परवडत नाही. आणि 'खाल्लं ना, आता भोगा' हे वाक्य, नातेवाइकांचं असो की आपल्यातल्या कोणाचं, तिथल्या तिथे थांबवायचं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये आत्महत्येचा धोका इतर अनेक कॅन्सरपेक्षा जास्त असतो, त्यात या वाक्याची भर नको.

---

औषधाची खिडकी

थोडक्यात. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या औषधाने काहींना असह्य बेचैनी येते, पाय एका जागी ठरत नाहीत. ती 'अँग्झायटी' म्हणून नोंदली जाते आणि वर अल्प्राझोलम (चिंतेवरची गोळी). आधी उलटीचं इंजेक्शन बघा. डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) सकाळी द्या, संध्याकाळी दिलं तर झोप उडते. नैराश्याची एसएसआरआय गोळी चालू असेल आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉल लिहिलं असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. ताप, घाम, थरथर, झटके अशी सेरोटोनिनची विषबाधा होऊ शकते. लिनेझोलिड या अँटिबायोटिकबरोबरही तेच. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) सुरू होणाऱ्या पेशंटला पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या नकोत, त्याने टॅमॉक्सिफेनचं काम कमी होतं. आणि नैराश्याच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे न सांगितल्याने लोक आठव्या दिवशी बंद करतात.

---

सायकॉन्को खोली

'सांगू नका' राहिलं होतं. नातेवाइकाला खाटेपाशी उत्तर देऊ नका. बाहेर बाकावर बसवा, आपणही बसा. तीन प्रश्न, याच क्रमाने: 'सांगितलं तर काय होईल असं वाटतं?', 'त्यांना आत्ता काय माहीत असेल?', 'त्यांनी स्वतःहून काही विचारलंय का?' दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. कारण गेटवर कर्करोग विभागाची पाटी आहे, शेजारच्या खाटेवरचा केमोबद्दल बोलतोय आणि योजनेच्या फॉर्मवर अंगठा घेताना कोणीतरी आजाराचं नाव मोठ्याने वाचलेलं असतं.

मग स्पष्ट वाक्य: 'मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही, डॉक्टरांना बोलावीन.' हे त्याच दिवशी सर्जनना कळवायचं आणि फाइलमध्ये लिहायचं, नाहीतर दुपारची सिस्टर वेगळं बोलते.

पेशंटने विचारलं, 'सिस्टर, मला कॅन्सर आहे का?' तर हो-नाहीच्या आधी: 'तुम्हाला काय सांगितलंय? कशावरून वाटलं?' आणि 'सगळं जाणून घ्यायचंय, की मुलाशी बोललेलं चालेल?' काहींना खरंच नको असतं, तोही त्यांचा हक्क. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, पण सांगून झाल्यावर तिथे थांबणं सिस्टरचं. डॉक्टर गेल्यानंतरच्या दहा मिनिटांतच खरे प्रश्न येतात.

बायॉप्सी रिपोर्टची वाट बघणं हा वेगळा छळ आहे. 'येईल चार-आठ दिवसांत' म्हणू नका, वार सांगा. त्या दिवशी आला नाही तर आपण होऊन जाऊन सांगा की आला नाही.

पैशाचा ताण निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी गाठून द्या. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पुढच्या केमोचं काय ते तिथेच कळतं. उपचारासाठीच्या प्रवासाला रेल्वेत पेशंटला आणि सोबत्याला सवलत असते, तो फॉर्म डिस्चार्जच्या कागदांत आधीच घालून ठेवा.

---

तिसरी पाळी

फार उपयोगी. दोनच गोष्टी राहिल्या. रात्री दोन वाजता 'यापेक्षा मेलेलं बरं' म्हणणारा पेशंट, दोनच सिस्टर, मानसोपचाराचं कोणी नाही. आणि फाइलमध्ये त्या वाक्याऐवजी काय लिहायचं?

---

सायकॉन्को खोली

'असं बोलू नये काका' म्हणायचं नाही, तिथे संभाषण संपतं. आधी दुखण्याचा आकडा घ्या, ७-८ असेल तर ते औषध तातडीने. मग बसून सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही. हो म्हटलं तर: 'कसं करायचं ठरवलंय? कधी?' नुसतं 'देवाने न्यावं' आणि 'खिडकी बघून ठेवलीय' यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. एक सिस्टर किंवा मावशी खाटेपाशी, दुसरी ड्युटी डॉक्टरला फोन. खाट खिडकीपासून हलवून नर्सिंग स्टेशनसमोर. ब्लेड, कात्री, उरलेल्या गोळ्या, जादा दोऱ्या-नळ्या काढून घ्यायच्या, संडासाची कडी आतून लावू द्यायची नाही. नातेवाइकाला सांगायचं, पण 'तू लक्ष ठेव' म्हणून जबाबदारी त्याच्यावर टाकायची नाही. ऑन-कॉल मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. हाच नंबर डिस्चार्ज कार्डावरही छापा, आणि घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डातून एक फोन ठेवा. दुखणं, झोप, पिशवी किंवा ड्रेन, ताणाचा आकडा, एवढेच चार प्रश्न.

फाइलसाठी नमुना: 'तिसरा दिवस, सकाळी ११. ताण ६/१०. मुख्य कारण: पिशवीचा वास मुलीच्या सासरी कळेल. दुखणं ३. वार उलटे बरोबर. जीव देण्याचा विचार नाही, थेट विचारलं. फ्लँज ५ मिमी मोठा कापलेला होता, बदलला. क्लिप स्वतः लावली. उद्या सकाळी पुन्हा विचारणे. सायकॉलॉजिस्ट: गुरुवारी.'